आधी गेम ठरवा, मग कन्सोल

दहावी-बारावीचे निकाल लागले की गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा बदलतात. प्रवेश, कटऑफ, क्लासची फी हे तर असतंच. पण अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही खेळता ना ते टीव्हीवरचं? पोरानं टक्के आणले, आता पीएस-फाइव्ह मागतंय. चांगला आहे का तो? का एक्सबॉक्स घेऊ?" मी दर वेळी उलट विचारते, त्याला खेळायचं काय आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. पन्नास हजारांच्या आसपासच्या वस्तूचा भाव चार दुकानांत विचारून झालेला असतो आणि ती कोणत्या गेमसाठी घ्यायची, हे घरात कोणी विचारलेलंच नसतं.

मी पंचविसेक वर्षं हे खेळ खेळते आहे. भाचेमंडळींना शिकवलं आणि आता त्यांच्याकडून हरते. तेवढ्या अनुभवावर सांगते. कन्सोल म्हणजे नुसतं यंत्र. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच, तिन्ही कंपन्यांची यंत्रं चांगली आहेत. फरक पडतो तो त्या यंत्रावरच मिळणाऱ्या, दुसरीकडे न मिळणाऱ्या खेळांनी. त्यांना एक्सक्लुझिव्ह म्हणतात.

पहिली चाळणी सोपी आहे. मुलाच्या तोंडी जीटीए, ईए स्पोर्ट्स एफसी म्हणजे जुना फिफा, कॉल ऑफ ड्यूटी, माइनक्राफ्ट किंवा क्रिकेटचा एखादा गेम असेल, तर यांतलं काहीच एक्सक्लुझिव्ह नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स, दोन्हींवर ते चालतात. अशा घरानं ज्याचे मित्र ज्या कन्सोलवर आहेत, तोच घ्यावा. म्हणजे डिस्क अदलाबदल करता येतात आणि संध्याकाळी एकत्र खेळता येतं. लेखाचा पुढचा भाग वाचायची त्यांना तशी गरज नाही, पण वाचावा. कारण सगळीकडे मिळणारे खेळ आपल्याला माहीत असतात. एकाच ठिकाणी मिळणारे कोणीतरी सांगावे लागतात.

आमच्या लहानपणी 'व्हिडिओ गेम' म्हणजे पिवळी-लाल कॅसेट खोचायचं ते यंत्र. सुटीत कोणाच्या तरी घरी ते असायचं आणि अर्धी गल्ली तिथं. कॅसेटवर छापलेलं असायचं ९९९९ गेम्स, आत निघायचे पाच-सहा. त्यातला मिशीवाला, उड्या मारणारा मारिओ सगळ्यांना माहीत. तो निन्टेन्डो नावाच्या जपानी कंपनीचा आहे, १९८५ सालचा आहे आणि आपण खेळतोय ते यंत्र त्या कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मारिओ आजही सोनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर नाही. चाळीस वर्षं कंपनीनं तो जवळजवळ आपल्याच यंत्रांना बांधून ठेवला आहे. एक्सक्लुझिव्ह या शब्दाचा सगळ्यात कडक अर्थ तो.

सोनीचा अर्थ थोडा सैल झाला आहे. पूर्वी सोनीच्या स्टुडिओंचा गेम म्हणजे फक्त प्लेस्टेशन. आता तो आधी प्लेस्टेशनवर येतो आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, कॉम्प्युटरवर. गॉड ऑफ वॉर २०१८ साली पीएस-फोरवर आला आणि जानेवारी २०२२ मध्ये कॉम्प्युटरवर. त्याचा पुढचा भाग रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कॉम्प्युटरवर पोचला. स्पायडर-मॅन २ ऑक्टोबर २०२३ चा, तो जानेवारी २०२५ मध्ये. त्यामुळे घरात आधीच चांगलं ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर असेल, तर यांच्यासाठी कन्सोल घेण्यात फारसा अर्थ नाही. ते तुमच्याकडे आलेलेच आहेत.

मायक्रोसॉफ्टनं तर दार उघडूनच टाकलं. त्यांचे गेम एक्सबॉक्सवर येतात त्याच दिवशी कॉम्प्युटरवरही येतात. २०२४ पासून ते एकेक करून प्लेस्टेशनवरही यायला लागले. मेक्सिकोच्या रस्त्यांवर गाड्या पळवायचा फोर्झा होरायझन ५ हा एक्सबॉक्सचा मानाचा गेम. तो एप्रिल २०२५ मध्ये पीएस-फाइव्हवर आला. २००१ पासून जो एक्सबॉक्सची ओळखच होता, त्या हेलोचा पहिला भाग नव्या रूपात प्लेस्टेशनवरही येणार असल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. एक्सबॉक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. गेम पास नावाच्या वर्गणीत ढीगभर गेम मिळतात आणि ज्याला दर आठवड्याला नवं काही चाखायचंय त्याला ती वर्गणी परवडते. पण "त्याच्यावरच मिळतं असं काय?" या प्रश्नाला आज एक्सबॉक्सकडे ठोस उत्तर नाही. स्वस्तातला सिरीज एस घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यात डिस्क घालायची सोयच नाही. आणि पहिल्या सिरीज एसच्या ५१२ जीबीपैकी प्रत्यक्ष वापरायला ३६४ जीबी मिळतात, म्हणजे तीन-चार मोठे गेम घातले की भरला.

म्हणजे ज्याला खरोखर 'फक्त इथंच' असं काही हवंय, त्याच्यासाठी सोनी आणि निन्टेन्डो. आपल्याकडे, गारखेड्यातल्या किंवा कुठल्याही मराठी घरात, यांतून निवडायचं तर मी पीएस-फाइव्ह सांगते. कारणं पुढे येतील.

आधी एका गेमबद्दल थोडं सविस्तर सांगू द्या. मी लोकांना पहिला गेम म्हणून तोच सुचवते आणि तो माझ्या फार जवळचा आहे. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी. ऑगस्ट २०१७ मध्ये पीएस-फोरवर आला, कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या सोनीच्या स्टुडिओनं केलेला. क्लोई फ्रेझर ही त्याची नायिका अर्धी भारतीय आहे आणि जवळजवळ सगळी गोष्ट घडते आपल्या सह्याद्रीत, पश्चिम घाटात. शोध कशाचा, तर गणपतीच्या तुटलेल्या दाताचा. वाटेत होयसळांची पडकी नगरं लागतात, बेलूर-हळेबिडूची नावं येतात. एका मोठ्या दरीत तुम्ही जीप घेऊन हवं तिकडे फिरता आणि तिथं तीन जुने बुरूज उभे आहेत: एक त्रिशुळाचा, एक धनुष्याचा, एक परशूचा. परशुरामानं फेकलेला परशू आपल्या वडिलांचाच आहे हे ओळखून गणपतीनं तो दातावर झेलला, ही आजीच्या तोंडची गोष्ट अमेरिकेत बनलेल्या खेळात ऐकताना मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बघत बसले होते.

आपल्या गावच्या माणसाला यात आणखी एक मजा आहे. आपण वेरूळला लहानपणापासून जातो. शाळेची सहल तिथं, पाहुणे आले की तिथं, श्रावणात घृष्णेश्वराला गेलं की तिथं. काळ्या बेसाल्टचा अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं आपल्या डोळ्यांत बसलेलं असतं. होयसळांचा दगड वेगळा. तो मऊ, सोनाराच्या कामासारखी नक्षी घेणारा. गेममधल्या देवळांच्या भिंती बघताना हा फरक वेरूळ पाहिलेल्या मुलाला आपोआप दिसतो. माझ्या भाच्यानं खेळता खेळता विचारलं, "मावशी, हे आपल्यासारखं वरून खाली नाही ना कोरलेलं? हे रचलेलंय." तेव्हा तो नववीत होता. त्यानंतरच्या रविवारी आम्ही वेरूळला गेलो आणि त्यानं जिने, खांब, हत्ती असं सगळं नव्यानं पाहिलं. गेममध्ये काही गोष्टी कल्पनेच्या आहेत, गोळीबार बराच आहे, युरोपीय मानांकन सोळा वर्षांवरच्यांसाठी आहे. म्हणून नववीतल्या मुलाला मी तो शेजारी बसूनच खेळू दिला. आठ-दहा तासांत संपतो. २०२२ मध्ये तो अनचार्टेड ४ सोबत एकाच डिस्कवर पीएस-फाइव्हसाठी नव्यानं आला आणि त्याच वर्षी कॉम्प्युटरवरही. तेव्हा काटेकोर बोलायचं तर आज तो एक्सक्लुझिव्ह राहिला नाही. पण तो जन्मला सोनीच्या पैशानं, सोनीच्याच यंत्रासाठी, आणि असा खेळ अशा पैशाशिवाय जन्मत नाही. एका गेमवर चार-पाच वर्षं आणि शेकडो माणसं लावायची, तीही विक्रीची खात्री नसताना, हे यंत्र खपवायचं असणारी कंपनीच करते. एक्सक्लुझिव्ह खेळांवर माझा जीव आहे तो याच कारणानं.

आपल्याकडच्या मंडळींनीही असे खेळ केले आहेत आणि याची आठवण फार थोड्यांना आहे. पीएस-टू हे यंत्र जगात पंधरा कोटींहून जास्त खपलं आणि भारतात ते फार काळ चाललं. त्या यंत्रासाठी मुंबईच्या ट्राइन या स्टुडिओनं २०१० च्या सुमारास स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स नावाचा गल्ली क्रिकेटचा गेम केला. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या एका स्टुडिओचा हनुमानावरचा गेम आला होता. खेळायला ते साधे होते, पण गल्लीतलं क्रिकेट टीव्हीवर आणायची हिंमत त्यांनी केली. मग पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला. दोन महिने फक्त तिथंच, आणि ऑक्टोबरमध्ये बाकी कन्सोल आणि कॉम्प्युटरवर. याला ठरावीक मुदतीचा एक्सक्लुझिव्ह म्हणतात. राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि गोष्ट सांगायला विष्णू. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे उलगडतात, राजस्थानी महाल आणि पहाडी चित्रांची छाया सगळीकडे. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांमध्ये पहिल्या गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं होतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला, त्यामुळे इंग्रजी न येणारी आजीसुद्धा बाजूला बसून गोष्ट ऐकू शकते. पाच-सहा तासांचा आहे. लढाया काही ठिकाणी ताठर वाटतात हे खरं, तरी तो घ्याच. पुण्यात बसून कोणी हे केलंय, हे घरातल्या मुलाला कळणं मला मोलाचं वाटतं. तुमचं पोरगं उद्या कोडिंग शिकतो म्हणेल, तेव्हा त्याच्यासमोर एक नाव असेल.

आता पीएस-फाइव्हवर काय खेळायचं. घरात लहान मुलं असतील तर पहिलं उत्तर फुकट आहे. अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम हा गेम प्रत्येक पीएस-फाइव्हमध्ये आधीपासून घातलेला असतो. छोटा रोबोट वाळूवर चालला की हातातला कंट्रोलर वाळूसारखा खरखरतो, पाऊस पडला की थेंब तळव्यावर टपटपतात. नवा कन्सोल आणला की मुलं तो सोडून भलतंच डाऊनलोड करायला धावतात, ते करू देऊ नका. त्याचाच मोठा भाऊ अ‍ॅस्ट्रो बॉट सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून द गेम अवॉर्ड्समध्ये निवडला गेला. हे लिहीपर्यंत तो पीएस-फाइव्ह सोडून कुठेही नाही. सात वर्षांपासून सत्तरीपर्यंत कोणालाही चालतो. तो एकट्यानं खेळायचा असला तरी आमच्याकडे नियम आहे: रोबोट पडला की कंट्रोलर शेजारच्याच्या हातात. माझ्या आईला आधी कोणती कळ कुठे हे सापडेना, आता ती पाळी आली की चष्मा पुसून बसते. चौघांना एकाच वेळी खेळायचं असेल तर सॅकबॉय: अ बिग अ‍ॅडव्हेंचर घ्या. दोघांना एकत्र खेळायचं असेल, भाऊ-बहीण किंवा नवरा-बायको, तर इट टेक्स टू. तो एक्सक्लुझिव्ह नाही, सगळीकडे मिळतो, पण चांगल्याला चांगलं म्हणायलाच हवं.

गाड्यांचं वेड असलेल्या घरासाठी ग्रॅन टुरिस्मो ७. मार्च २०२२ चा, फक्त पीएस-फोर आणि पीएस-फाइव्हवर. लहान मुलांनाही चालतो, पडदा विभागून दोघं शर्यत लावू शकतात आणि जुन्या गाड्यांची माहिती एखाद्या संग्रहालयासारखी मांडलेली आहे. एक मोठी अडचण सांगून ठेवते. इंटरनेट नसेल तर यातलं फार थोडं चालतं. एकट्यानं खेळायचा भागसुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेला आहे. तो आला त्याच महिन्यात एका अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते आणि जगभरच्या लोकांना विकत घेतलेला गेम खेळता आला नव्हता. आपल्याकडे रस्ता खोदताना केबल तुटली की दोन दिवस नेट नसतं. अशा घरानं यावर पैसे घालताना विचार करावा.

गोष्टीसाठी खेळणाऱ्या मोठ्यांना गॉड ऑफ वॉर. २०१८ चा आधी, रॅग्नारॉक नंतर, क्रम उलटा करू नका. कुऱ्हाडी, रक्त, देव-राक्षस सगळं आहे, पण आत आहे एक बाप, ज्याला मुलाशी बोलता येत नाही. आईची राख डोंगराच्या टोकावर न्यायला दोघं निघालेत, एवढीच गोष्ट. आपल्याकडे कमी बोलणारे वडील घरोघरी आहेत. तो बाप मुलाच्या पाठीवर ठेवायला हात पुढे करतो आणि मागे घेतो, तो क्षण मला वाचलेल्या कित्येक कथांपेक्षा जास्त आठवतो. द लास्ट ऑफ अस आणि त्याचा दुसरा भाग याच जातीचे, अधिक कठोर. हे सगळे अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत. डब्यावर पुढेच आकडा छापलेला असतो: ३, ७, १२, १६, १८. सिनेमाला 'ए' असेल तर आपण आठवीतल्या मुलाला नेत नाही, मग इथं का देतो? स्पायडर-मॅन २ सोळाचा आहे हेही बघून घ्या, कारण नावावरून तो लहान मुलांचा वाटतो.

सामुराईंचा नाद असेल तर घोस्ट ऑफ त्सुशिमा पीएस-फोरचा आहे, स्वस्तात मिळतो. घोस्ट ऑफ योतेई ऑक्टोबर २०२५ चा, त्यासाठी पीएस-फाइव्हच लागतो. आणि ब्लडबोर्न, डीमन्स सोल्स. हे दोन प्लेस्टेशन सोडून कुठेच गेलेले नाहीत. ब्लडबोर्न २०१५ चा आहे आणि इतक्या वर्षांत कॉम्प्युटरवरही आला नाही. सुंदर आहेत आणि निर्दय आहेत. पहिला गेम म्हणून घेतलात तर कंट्रोलर भिंतीवर आपटला जाईल. वर्षभर हात बसल्यावर घ्या.

आता निन्टेन्डो. खेळ म्हणून बघाल तर झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टीअर्स ऑफ द किंगडम, मारिओ ओडिसी आणि सगळ्या घराला कामाला लावणारा मारिओ कार्ट यांच्या तोडीचं कुठेच काही नाही. ते आयुष्यभर दुसऱ्या कन्सोलवर येणार नाहीत, हेही जवळजवळ ठरलेलं. अडचण अशी की निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं, कंपनीची वॉरंटी नाही, भारताचं ऑनलाइन दुकान नाही, बिघडला तर ओळखीचा कारागीर शोधा. म्हणून मी तो गारखेड्यातल्या पहिल्या कन्सोलसाठी सुचवत नाही. पण अमेरिका-सिंगापूरला घरचं कोणी असेल आणि ते दिवाळीला येणार असतील तर जरूर मागवा. स्विचच्या कार्ट्रिजना देशाचं बंधन नसतं, कुठलीही चालतात, आणि जुन्या झाल्या तरी चांगल्या भावानं विकल्या जातात. फक्त जपानला असलेल्या नातलगाला एक गोष्ट सांगा. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चं तिथं स्वस्तात मिळणारं मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतं. किंमत बघून हुरळून तेच आणलं तर घरात जपानी वाचणारं कोणीतरी लागेल.

पीएस-फाइव्ह सुचवण्याचं खरं कारण डिस्क हे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि डिजिटल ३९,९९० ला होता. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तो ५४,९९० आणि ४४,९९० ला. पैसे वाचतात म्हणून लोक डिजिटल घेतात आणि फसतात. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना असतो. डिस्क असेल तर तो संपवून विकता येतो, मित्राला देता येतो, जुना घेता येतो. डिजिटल गेम तुमच्या खात्यात कायमचा अडकला. वर्षाला पाच-सहा गेम घेणाऱ्या घरात किमतीतला फरक पहिल्याच वर्षात भरून निघतो. शिवाय पीएस-फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क पीएस-फाइव्हमध्ये चालतात, म्हणजे अनचार्टेड, पहिला गॉड ऑफ वॉर, ब्लडबोर्न, त्सुशिमा हे सगळं जुन्या बाजारातल्या भावानं. स्लिमचा डिजिटल घेऊन नंतर डिस्क ड्राइव्ह बाहेरून लावताही येतो, पण तो जोडताना एकदा इंटरनेट लागतं. परदेशातून आणलेली डिस्क चालते, पण त्या गेमचा पुढचा विकतचा भाग भारतीय खात्यावर बहुधा चालत नाही, कारण दोन्हींचा प्रदेश जुळावा लागतो.

ज्यांचं बजेट वीस हजारांच्या आत आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. चांगल्या अवस्थेतला जुना पीएस-फोर आणि वर सांगितलेल्या जुन्या डिस्क यांत दोन वर्षं मजेत जातात. घेताना विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात तासभर लावून बघा. स्वतःची एक डिस्क बरोबर न्या आणि ती घालून, काढून, परत घालून पाहा. एचडीएमआयची पिन हलवल्यावर चित्र जातं का? पंख्याचा आवाज अर्ध्या तासानं वाढतो का? कंट्रोलरची काठी न हलवता पडद्यावरचा माणूस आपोआप चालतो का? यालाच ड्रिफ्ट म्हणतात. आपल्या खात्यानं ऑनलाइन जाऊन बघा, कारण जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेल्या मशीनवर कंपनीनं बंदी घातलेली असू शकते. मी एकदा घाईत, न तपासता घेतला आणि तिसऱ्या दिवशी डिस्क आत अडकली. तेव्हापासून तासभर बसल्याशिवाय पैसे देत नाही.

कन्सोल घरी आणल्यावर आपल्या गावाचे तीन शत्रू आहेत: ऊन, धूळ आणि वीज. पीएस-फाइव्हच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि वरच्या मजल्यावरची खोली भट्टी झालेली असते. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच तो लावूच नका. कुलरसमोर तर अजिबात ठेवू नका. कुलरची हवा गार असते पण ओली असते, आणि ती आत ओढली गेली की बोर्डावर ओल धरते. टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. महिन्यातून एकदा मागच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशनं काढा.

विजेचं असं की गेम चालू असताना हे यंत्र दोनशे वॉटच्या आसपास घेतं. घरातल्या इन्व्हर्टरला तेवढं जड नाही, पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की गेम सेव्ह करून बोर्डावरूनच बंद. आणि रेस्ट मोडवर ठेवून रात्रभर डाऊनलोड लावायची सवय उन्हाळ्यात नको. डाऊनलोडचा हिशेब सांगते: ९० जीबीचा गेम शंभर एमबीपीएसच्या लाइनवर दोन तासांत उतरतो, तीसच्या लाइनवर पावणेसात तास घेतो. डिस्क असली तरी मोठी अपडेट येतच असतात, तेव्हा वाढदिवसाची भेट असेल तर आदल्या दिवशी उघडून सगळं उतरवून ठेवा. केक कापून झाल्यावर मुलाला पडद्यावर नुसती टक्केवारी सरकताना बघायला लावू नका.

बँकेचं कार्ड त्या खात्यात साठवून ठेवू नका. मुलाचं खातं कुटुंबाच्या गटात उघडा, त्यात वयाची, वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालता येते. वेळ किती द्यायचा हे प्रत्येक घरानं ठरवावं. आमच्याकडे दोन गोष्टी पक्क्या आहेत. संध्याकाळी साडेसहापर्यंत क्रीडा संकुलाचं मैदान, त्यानंतरच टीव्ही. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी, टाक्या भरून होईपर्यंत, कंट्रोलरला कोणी हात लावत नाही. मग मात्र पोरं, त्यांची आजी आणि मी, चौघांत एक रोबोट वाटून खेळतो.